गोव्यात सर्व्हर रूम उभारताना: नव्या वायरमनसाठी कामाचा क्रम

आयटीआय किंवा डिप्लोमा करून नुकतेच कामाला लागलेले मुलगे हातात क्रिम्पिंग टूल घ्यायला उतावीळ असतात. सर्व्हर रूमच्या कामात केबल ओढणे हा सगळ्यात सोपा भाग आहे, आणि क्रमाने पाहिले तर बराच शेवटचा. मी फोंडा, वेर्णा, पणजी, डिचोली या पट्ट्यात ही कामे करतो. केबलच मुळात खराब निघाली म्हणून बंद पडलेल्या खोल्या मी बोटांवर मोजण्याइतक्या पाहिल्या. पाणी शिरले, अर्थिंग फसले, एसीमुळे घाम सुटला, कुठली वायर कुठे जाते ते कुणालाच सांगता येईना, यांतल्या एखाद्या कारणाने बंद पडलेल्या मात्र दर पावसाळ्यात पाहतो. म्हणून खालचे सगळे ज्या क्रमाने करायचे त्याच क्रमाने लिहिले आहे. क्रम चुकला की भिंत दोनदा फोडावी लागते, आणि दुसऱ्यांदा फोडायचे पैसे कुणी देत नाही.

डोळ्यांसमोर ठेवले आहे ते लहान-मध्यम काम: पतसंस्था, इस्पितळ, हॉटेल, शाळा, औद्योगिक वसाहतीतला कारखाना. एक ते पाच रॅक, म्हणजे सर्व्हर बसवायच्या उभ्या चौकटी. कधी मोठ्या डेटा सेंटरच्या बैठकीला बसायची वेळ आली तर ‘टियर थ्री’सारखे शब्द कानावर पडतील. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या अशा चार पायऱ्या आहेत. तिसरीचा अर्थ एवढाच, की कुठलेही एक यंत्र किंवा एक वीजमार्ग दुरुस्तीसाठी बंद केला तरी सर्व्हर चालू राहिले पाहिजेत. टीआयए-९४२ हे अमेरिकी मानक २००५ साली पहिल्यांदा आले, त्यातही चार दर्जे आहेत. आपल्या पतसंस्थेला टियर थ्री नको असते. तिला चतुर्थीच्या सुट्टीत सर्व्हर बंद पडायला नको असतो.

खोली बघायला पावसात जा

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एप्रिलमध्ये ठणठणीत कोरडी दिसलेली चिऱ्याची भिंत ऑगस्टमध्ये ओल धरते. चिरा, म्हणजे जांभा, सच्छिद्र असतो. बाहेरून धड गिलावा नसेल तर पाणी आतपर्यंत झिरपते. उन्हाळ्यातच जावे लागले तर भिंतीच्या खालच्या दोन फुटांत रंग फुगला आहे का, क्षाराची पांढरी पूड आली आहे का ते बघा. आणि तिथे झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारा: ‘पावसात इथे कुठे बादली ठेवावी लागते का?’ मालक नाही म्हणतो, मावशी हो म्हणतात. मावशींचे ऐका.

तळमजला नदीकाठचा किंवा शेताच्या पातळीवरचा असेल तर नको. कौलांखालचा किंवा उघड्या स्लॅबखालचा वरचा मजलाही नको, तो उन्हात तापतो आणि पावसात गळतो. मधला मजला, इमारतीच्या आतल्या बाजूची खोली, वर शौचालय किंवा पाण्याची टाकी नाही, शक्यतो खिडकीही नाही, अशी जागा मागा. मिळणार नाही हे गृहीत धरा, पण मागितली होती हे कागदावर राहू द्या.

जुन्या घरात ऑफिस असेल तर जमीन बघा. लाकडी तुळयांवरचा मजला दिसायला भक्कम दिसतो. एका १० केव्हीए यूपीएसला १२ व्होल्टच्या १६ बॅटऱ्या लागल्या आणि १०० अँपिअर-अवरची एक बॅटरी साधारण ३० किलोची धरली, तर एका कोपऱ्यात ४८० किलो बसतात. बॅटऱ्या खाली, सर्व्हर वर, असे करता येते. फक्त मधली डीसी (बॅटरीच्या एकदिश प्रवाहाची) केबल जाड घ्यावी लागते आणि बॅटरीजवळ डीसीचाच ब्रेकर लावावा लागतो. लाईनच्या एसी प्रवाहासाठीचा एमसीबी (छोटा ब्रेकर) डीसीवर लावू नका, ठिणगी विझत नाही.

रॅक दारातून जातो का, हा प्रश्न हसण्यासारखा वाटतो. १यू हे रॅकमधल्या उंचीचे माप, म्हणजे ४४.४५ मिमी, तेव्हा ४२यूची आतली उंचीच १८६७ मिमी. चौकट आणि चाके धरून दोन मीटर. ऑफिसचे दार सात फुटांचे, जिन्याला वळण, वर फॉल्स सीलिंग. टेप घेऊन जा. रॅकसमोर १.२ मीटर आणि मागे १ मीटर मोकळे राहिले पाहिजे, नाहीतर सर्व्हर रुळांवरून बाहेर ओढताना तो भिंतीला भिडतो.

लोडचा हिशेब

इथे नवखे लोक दोन चुका करतात. पहिली: सर्व्हरला ८०० वॉटचे दोन पॉवर सप्लाय आहेत म्हणून १६०० वॉट धरतात. तसे नसते. एक मेला तर दुसऱ्याने सगळा भार एकट्याने उचलावा म्हणून ते दोन आहेत. दुसरी चूक हिच्या उलटी आणि जास्त महाग: ए आणि बी अशा दोन फीडवर, म्हणजे वीज आणणाऱ्या दोन वेगळ्या वाटांवर, भार वाटला, दोन्ही ६०-७० टक्के भरले, आणि सगळे छान चालले आहे असे समजून घरी गेले. ए गेला की बीवर १३० टक्के येतो आणि तोही ट्रिप होतो. प्रत्येक फीड ४० टक्क्यांच्या आसपासच राहिला पाहिजे.

उदाहरण धरू. दोन रॅक, प्रत्येकी ३ किलोवॉट, एकूण ६. यूपीएसमध्ये वाया जाणारे आणि बॅटरी चार्ज व्हायला लागणारे मिळून दीड किलोवॉट धरा. जेवढी वीज सर्व्हरमध्ये जाते तेवढीच उष्णता होऊन बाहेर येते, म्हणून ६ किलोवॉटला ३.५१७ ने भागले की १.७ टन एसी लागतो. माणसे, दिवे, यूपीएसची गर्मी धरून २ टन, आणि एक बंद पडला तर दुसरा हवा म्हणून २ टनांचे दोन. एक एसी चालू असताना साधारण अडीच किलोवॉट. बेरीज १० किलोवॉट. पुढच्या तीन वर्षांची वाढ धरून १५ मागा आणि थ्री-फेज घ्या. वीज खात्याकडे मंजूर भार वाढवायचा अर्ज याच टप्प्यावर जायला हवा. रॅक आल्यावर अर्ज करणारे लोक मग महिनाभर रॅककडे बघत बसतात.

कागदाचेही इथेच उरका. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३च्या सुरक्षा नियमांप्रमाणे असे काम परवानाधारक ठेकेदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली करायचे असते. टेस्ट रिपोर्टवर त्याची सही लागते. वायरिंगसाठी आयएस ७३२ आणि अर्थिंगसाठी आयएस ३०४३, ही दोन मानके एकदा स्वतः वाचा. कुणी सांगितलेल्यावर विसंबू नका.

अर्थिंग: मे महिन्यात मोजा

या भागावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात जास्त थापा इथे चालतात.

जांभा खडकाची वरची टणक पापडी उन्हाळ्यात पार सुकते. सुक्या जमिनीचा रोध वाढतो. तोच खड्डा ऑगस्टमध्ये मोजला की सुंदर आकडा येतो, ०.८ ओहम वगैरे, आणि तोच रिपोर्ट फाइलला लागतो. एप्रिल-मेमध्ये त्याच खड्ड्याने चार-पाच ओहम दाखवलेले मी पाहिले आहेत. विजांचे दिवस कधीचे? पावसाळ्यापूर्वीचे वळीव आणि पुन्हा ऑक्टोबरमधल्या संध्याकाळी. म्हणजे वळिवांच्या वेळी जमीन सर्वांत सुकी असते, आणि नेमकी तेव्हाच अर्थिंगची परीक्षा. त्यामुळे मोजणी कोरड्या दिवसांत करा आणि रिपोर्टवर तारीख ठळक लिहा. सर्व्हर रूमसाठी एक ओहमच्या आत आणण्याचा प्रयत्न असतो. एका खड्ड्याने ते होत नसेल तर दोन-तीन इलेक्ट्रोड घाला, दोहोंमधले अंतर इलेक्ट्रोडच्या लांबीच्या निदान दुप्पट ठेवा, आणि सगळे एकमेकांना जोडा. शेजारी-शेजारी ठोकलेल्या दोन कांबी एका कांबीएवढेच काम करतात.

आता ती प्रसिद्ध थाप. ‘सर्व्हरला वेगळे, स्वच्छ अर्थिंग पाहिजे, बिल्डिंगच्या अर्थला जोडायचे नाही.’ हे मोठमोठ्या लोकांकडून ऐकाल. वेगळा खड्डा काढायला हरकत नाही, पण तो इमारतीच्या मुख्य अर्थला जोडलेलाच हवा. न जोडलेल्या दोन अर्थमध्ये वीज पडल्यावर क्षणभर हजारो व्होल्टचा फरक तयार होतो आणि तो फरक बरोबर तुमच्या नेटवर्क केबलमधून वाट काढतो. एका गावातल्या संस्थेत ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी स्विचचे सगळे पोर्ट गेले होते, सर्व्हरचे लॅन कार्ड गेले होते, आणि यूपीएस मात्र ढिम्म चालू. सगळ्यांनी यूपीएसला शिव्या घातल्या. दोन अर्थ जोडले नव्हते, एवढेच कारण होते. जोडायची पट्टी अर्ध्या दिवसाचे काम होते.

थ्री-फेज यंत्राच्या सांगाड्याला दोन वेगवेगळ्या अर्थ-जोडण्या द्यायच्या असतात, नियमच आहे. प्रत्येक रॅक, ट्रे, उचलून ठेवलेल्या फ्लोअरचे पाय, एसीची बॉडी, सगळे खोलीतल्या एका तांब्याच्या अर्थबारला येऊ द्या. एका रॅकवरून दुसऱ्या रॅकला अशी माळ लावू नका, मधला रॅक हलवला की पुढचे सगळे उघडे पडतात. रॅकचा रंग खरवडून किंवा दातेरी वॉशर घालून लग (तारेच्या टोकाचा जोडतुकडा) बसवा, पावडर कोटिंगवर बसवलेला लग नुसता शोभेचा. किनाऱ्याजवळ, म्हणजे कळंगुट, मिरामार, कोलवा अशा ठिकाणी खारा वारा असतो. साधे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड) लवकर गंजते, तिथे तांब्याचा मुलामा असलेले रॉड परवडतात.

सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा अचानक उसळलेला दाब अडवणारे उपकरण, मुख्य पॅनेलमध्ये एक आणि सर्व्हर रूमच्या डीबीत (वीज वाटणाऱ्या पेटीत) एक असा जोडीने घ्या. त्याच्या दोन्ही बाजूंच्या तारा मिळून अर्ध्या मीटरच्या आत हव्यात. लांब तार गुंडाळून बसवलेला प्रोटेक्टर वेळेवर काही करत नाही. त्याच्या खिडकीतला हिरवा रंग लाल झाला की तो गेला. ते बघायचे काम कुणाला तरी नावाने द्या.

पॉवर केबल

लांबीमुळे व्होल्टेज किती पडतो, हे तोंडी करता आले पाहिजे. २.५ चौ. मिमी तांब्याच्या तारेत दर अँपिअरला, दर मीटरला १८ मिलिव्होल्ट पडतात. १६ अँपिअर, २५ मीटर: ७.२ व्होल्ट, म्हणजे ३ टक्क्यांहून जास्त. ४ चौ. मिमीला हाच आकडा ११, तेव्हा ४.४ व्होल्ट. मीटरपासून टोकापर्यंत सगळे मिळून ५ टक्क्यांत बसवायचे आहे, आणि खात्याची लाईन संध्याकाळी आधीच खाली आलेली असते. रॅकच्या ३२ अँपिअर पीडीयूला (रॅकमधल्या सॉकेटच्या पट्टीला) मी ६ चौ. मिमीखाली जात नाही, लांब असेल तर १०.

न्यूट्रल बारीक घेऊ नका. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमुळे तिसऱ्या पटीच्या हार्मोनिक लहरी तयार होतात. त्या तिन्ही फेजमधल्या मिळून न्यूट्रलमध्ये एकत्र होतात, एकमेकींना खोडत नाहीत. न्यूट्रल निदान फेजएवढाच जाड हवा. आणि तो सुटला तर काय होते ते आपल्याकडे गावोगाव माहीत आहे: एका घरातले दिवे मंद आणि शेजाऱ्याचा टीव्ही जळाला. न्यूट्रलचा स्क्रू शेवटी एकदा स्वतः आवळून बघा.

आरसीसीबीबद्दल, म्हणजे अर्थला करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचबद्दल, थोडे. प्रत्येक सर्व्हरच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थला गळत असतो, तो दोष नसतो. एका ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीखाली दहा-बारा सर्व्हर घातले की तो विनाकारण पडतो, आणि मग कुणीतरी तो काढूनच टाकतो. त्यापेक्षा सर्किट वाटा. साफसफाईचे आणि सर्व्हिसचे सॉकेट वेगळ्या सर्किटवर, ३० मिलिअँपिअरच्या संरक्षणात ठेवा. रॅकमधले यूपीएसचे सॉकेट वेगळ्या रंगाचे घ्या. व्हॅक्यूम क्लीनर यूपीएसवर लावणारा माणूस प्रत्येक ऑफिसात एक असतोच.

जमिनीखालून केबल नेताना एलटीसाठी (कमी दाबाच्या केबलसाठी) ७५० मिमी खोली, खाली-वर वाळू, वर विटा किंवा फरशी आणि खुणेची पट्टी. ११ केव्हीला ९०० मिमी. चिऱ्याच्या खडकात एवढे खणायला मजूर कुरकुर करतात आणि फूटभर खणून माती लोटतात. तो दिवस साइटवर थांबा.

इमारतीच्या आत एफआरएलएस (आग न पसरवणारी, कमी धूर सोडणारी) किंवा हॅलोजन नसलेली केबल घ्या, साध्या पीव्हीसीचा धूर आगीपेक्षा जास्त नुकसान करतो. आर्मर्ड (धातूच्या कवचाच्या) केबलला ग्लँड (टोक घट्ट धरणारा जोड) हवाच, आणि ग्लँडमधून आर्मर अर्थला गेलाच पाहिजे. अल्युमिनियमची केबल तांब्याच्या बसबारला लावायची तर बायमेटॅलिक (दोन धातूंचा) लग वापरा. इथल्या दमट हवेत साधा जोड वर्षभरात काळा पडतो.

जनरेटर असेल तर चेंजओव्हर चार पोलचा, म्हणजे न्यूट्रलसह तुटणारा घ्या, आणि खात्याच्या लाईनवर उलटी वीज जाणार नाही याची यांत्रिक कुलूपबंदी बघा. खांबावर चढलेला लाईनमन कुणाचा तरी मुलगा असतो. डिझेल जनरेटरचा आवाज आवरणापासून एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत असायला हवा. यूपीएसला बाहेरचा मेंटेनन्स बायपास ठेवा, नाहीतर यूपीएस दुरुस्तीला न्यायचा म्हणजे सगळे बंद.

एसी आणि घाम

अमेरिकेतल्या अशरे संस्थेच्या शिफारशीप्रमाणे सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश असली तरी चालते. आपल्याकडे मात्र साहेब येतात आणि एसी १६ वर ठेवतात, थंड म्हणजे सुरक्षित अशा समजुतीने. गोव्यात हे उलटते. जुलैत बाहेर २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू २४ अंशांच्या थोडा वर असतो. म्हणजे २४ हून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूला ती हवा लागली की पाणी सुटणार, थंड ताडगोळ्याच्या पिशवीला सुटते तसे. तुमची खोली २२ वर आहे. दार उघडे राहिले, केबलचे भोक उघडे राहिले, की घाम थेट धातूवर.

तेव्हा खोली २३-२४ वर ठेवा, सर्व्हरच्या तोंडाशी तापमान मोजा, आणि एसी लावण्याआधी भोके बुजवा. दाराला खालून रबर, खिडकी पक्की बंद, प्रत्येक केबलचे भोक अग्निरोधक मसाल्याने भरलेले. पिवळा फुगणारा फोम भरू नका, तो पेट घेतो. आतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत राहते का, ते दोनशे-चारशे रुपयांच्या घड्याळासारख्या मीटरवरसुद्धा दिसते.

साध्या स्प्लिट एसीची बरीच ताकद हवेतला ओलावा पिळण्यात जाते, म्हणून कागदावरचे २ टन उष्णतेसाठी पूर्ण मिळत नाहीत. पाच रॅकच्या वर गेलात तर प्रिसिजन एसीचा, म्हणजे सर्व्हर रूमसाठीच बनवलेल्या एसीचा, विचार करा. एक-दोन रॅकला दोन स्प्लिट, टायमरने आलटून-पालटून. इनडोअर युनिट रॅकच्या डोक्यावर कधीही बसवायचे नाही. ड्रेन पाइपला उतार द्या आणि तो रॅकवरून जाऊ देऊ नका. पावसात त्यात शेवाळ धरते आणि पाणी उलट येते. रॅकची तोंडे एका बाजूला, पाठी एका बाजूला, रिकाम्या जागी ब्लँक प्लेट. ही प्लेट स्वस्त असते आणि कुणी मागवत नाही.

वीज गेल्यावर सर्व्हर यूपीएसवर चालतात, एसी मात्र बंद. छोट्या खोलीत ६ किलोवॉट काही मिनिटांत भट्टी करतात. त्यामुळे दोन तास चालणाऱ्या बॅटरीचा एसीशिवाय फारसा उपयोग नाही. जनरेटर लवकर येणे जास्त महत्त्वाचे. बॅटऱ्यांनाही २५ अंशांच्या आसपास ठेवा, त्यावर दर दहाएक अंशांना त्यांचे आयुष्य जवळपास निम्मे होते.

एक सवय लावून घ्या: थंड खोलीतला स्विच दुरुस्तीला बाहेर काढलात तर व्हरांड्यात आणून लगेच उघडू नका आणि चालू तर मुळीच करू नका. पिशवीत बांधून तासभर ठेवा.

डेटा केबल

पॅच पॅनेलपासून (रॅकमधल्या केबल जोडायच्या पट्टीपासून) भिंतीतल्या पॉइंटपर्यंत ९० मीटर, दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डचे मिळून १०, एकूण १००. कॅट ६ वर १० गिगाबिट ५५ मीटरपर्यंतच धड चालते, पूर्ण शंभर हवे तर कॅट ६ए. तांब्याचा मुलामा दिलेली अल्युमिनियमची केबल बाजारात निम्म्या भावात मिळते आणि बॉक्सवर कॅट ६ लिहिलेले असते. कॅमेऱ्यांना आणि वायफायला त्याच केबलमधून वीज द्यायची असते, ती या तारेत तापते. तार सोलून नखाने खरवडा, आत पांढरी दिसली तर बॉक्स परत.

वाकवताना वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या चौपट. ओढताना साधारण ११ किलोच्या ओढीवर जायचे नाही, म्हणजे एका हाताने सहज येईल तेवढेच. टोकाशी जोड्यांचा पीळ १३ मिमीहून जास्त सोडायचा नाही. नायलॉन टायने करकचून बांधू नका, वेल्क्रो वापरा. तारांच्या रंगांचा टी५६८बी हा क्रम धरलात तर सगळ्या इमारतीत तेच. पॉवरच्या केबलपासून फूटभर दूर, आणि छेद द्यावाच लागला तर काटकोनात. ट्रे निम्माच भरा. दोन वर्षांनी तुम्हालाच त्यात आणखी घालायच्या असतात.

दोन इमारतींमध्ये तांबे नेऊ नका, फायबर न्या. वर अर्थिंगची गोष्ट सांगितली ती आठवा: काचेतून वीज जात नाही. फायबरला स्टीलचे आर्मर असेल तर ते इमारतीत शिरण्यापूर्वी अर्थ करा. पिवळे आवरण सिंगल मोडचे, निळसर-हिरवे मल्टिमोडच्या ओएम३ किंवा ओएम४चे, त्यांची सरमिसळ नको. टोकात डोळा घालून प्रकाश दिसतो का असे बघू नका, तो लेझर दिसत नाही आणि डोळा जातो.

बाहेरची लाईन आत येते ती जागा

एका ऑफिसात इंटरनेटवाल्याने भिंतीला सरळ भोक पाडून, बाहेरून आत उतार ठेवून पाइप बसवला होता. पहिल्या मोठ्या पावसात पाणी पाइपातून शिरले, केबलवरून घरंगळत आले आणि रॅकच्या वरच्या स्विचमध्ये पडले. भोक नेहमी आतून बाहेर उतरते पाडायचे, आणि केबलला भिंतीत शिरण्याआधी खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे थेंब तिथेच गळतो. हे काम इंटरनेट कंपनीचा मुलगा पाच मिनिटांत उरकून जातो. तो यायच्या दिवशी तुम्ही तिथे हजर हवेत.

दोन कंपन्यांची लाईन घेतली म्हणजे दोन वाटा झाल्या असे नाही. दोन्ही त्याच खांबावरून, त्याच पुलावरून येत असतील तर माडाची एक झावळ किंवा रस्त्याच्या कामावरचा एक जेसीबी दोघींना तोडतो. पर्वरी-पणजीत मांडवी ओलांडायची म्हणजे वाटा मोजक्याच. दोघांना वेगवेगळे विचारा: तुमची केबल कुठून येते? एक जमिनीतून आणि दुसरी वायरलेस असेल तर उत्तम.

पाइपाची तोंडे उंदरांसाठीही बुजवा. वाळवी केबलचे पीव्हीसीही कुरतडू शकते आणि लाकडी बोर्ड तर खातेच, आणि त्याच बोर्डावर तुमचे पॅनेल लटकलेले असते.

आग

खोलीत कार्बन डायऑक्साइड किंवा क्लीन एजंटचे (मागे पूड न ठेवणाऱ्या वायूचे) सिलिंडर ठेवा. साधा पावडरचा सिलिंडर आग विझवतो आणि सर्व्हरही मारतो. खोलीभर वायू सोडणारी यंत्रणा घ्यायची तर खोली हवाबंद हवी, म्हणजे पुन्हा ती भोके.

चालू करण्याआधी

मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचे यंत्र, ५०० व्होल्टवर लावा, निदान एक मेगओहम हवा. मात्र त्याआधी यूपीएस, सर्ज प्रोटेक्टर, एलईडी दिवे सगळे सोडवा. एकदा एका मुलाने नव्या यूपीएसवरच मेगर लावला, तो दिवस त्याच्या आणि माझ्या दोघांच्या लक्षात आहे. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज बघा, दोन-तीन व्होल्टच्या वर गेला तर शोधत बसा. फेज रोटेशन (तिन्ही फेजचा क्रम) बघा. पूर्ण भारावर अर्ध्या तासाने थर्मल कॅमेऱ्याने सगळे जोड पाहा, ढिला लग लगेच उठून दिसतो.

डेटा केबलला आठ दिव्यांचा टेस्टर पुरेसा नसतो, तो फक्त तार तुटली नाही एवढेच सांगतो. सर्टिफिकेशन टेस्टर भाड्याने आणा आणि प्रत्येक पॉइंटचा रिपोर्ट द्या. फायबरला कनेक्टरमागे जास्तीत जास्त ०.७५ डीबी, स्प्लाइसमागे (दोन तंतूंच्या कायमच्या जोडामागे) ०.३. कमी येत नसेल तर आधी टोक पुसा, दहापैकी सात वेळा तेवढ्याने होते.

मग मुख्य स्विच पाडा. खरोखर पाडा, गिऱ्हाइकासमोर. यूपीएस घेतो का, जनरेटर किती सेकंदांत येतो, एसी आपोआप पुन्हा चालू होतो का. पुष्कळ स्प्लिट एसी वीज परत आल्यावर रिमोट दाबेपर्यंत गप्प बसून राहतात. मग ए फीड पाडून बी बघा.

लेबल दोन्ही टोकांना, छापलेले, पारदर्शक नळीत. पेनाने लिहिलेले दमट हवेत दोन पावसांत पुसते. नाव असे द्या की उद्या आलेल्या माणसाला न विचारता कळेल: मजला, खोली, रॅक, पोर्ट. नकाशाची एक प्रत पॅनेलच्या दाराच्या आत, प्लास्टिकमध्ये.

पुरुमेंत

मे महिन्यात घरोघर पावसाळ्यासाठी सुकी मासळी, मिरच्या, सोले, नाचणी भरून ठेवतात, त्याला पुरुमेंत म्हणतात. तसा एक दिवस सर्व्हर रूमसाठी ठेवायला गिऱ्हाइकाला सांगा, आणि तो करारातच लिहा. त्या दिवशी अर्थिंग मोजायचे, एसीचे ड्रेन धुवायचे, सर्ज प्रोटेक्टरच्या खिडक्या बघायच्या, बॅटऱ्या भारावर तपासायच्या, छपराची पन्हळ साफ करून घ्यायची, बाहेरच्या पाइपांची तोंडे पुन्हा भरायची, माडाची झावळ केबलवर येते का ते बघायचे, जनरेटर तासभर भारावर चालवायचा आणि डिझेल भरायचे.

चतुर्थीच्या आठवड्यात ऑफिसातली अर्धी माणसे गावी गेलेली असतात. खोलीची किल्ली कुणाकडे आहे आणि रात्री कुणी फोन उचलायचा, हे दाराच्या बाहेरच्या बाजूला लिहून चिकटवा.